डाव्या हाताच्या फुल्या

ब्रिस्टल
मंगळवार, ४ सप्टेंबर २००७

चौथा खिळा निघाला, मागचा पुठ्ठा माझ्या हातात आला आणि कापड टेबलावर उलटं पडलं. मार्गारेट म्हणाली, “अलगद, लव्ह. एकशे अठ्ठावीस वर्षांचं आहे ते.” मी अलगदच होते, राग आला होता तरी.

ताई, मायना घातलेला नाही. अकरा वर्षांनी कोणता घालायचा ते कळेना. हे कामाचं पत्र आहे असं समज.

मंगळवारी मी हॉस्पिटलच्या लॅबमधून दुपारी सुटते आणि टॉलमन हाऊस नावाच्या एका लहान म्युझियममध्ये बिनपगारी काम करते. टॉलमन कुटुंब मिशनरी होतं. नवरा, बायको आणि एक मुलगी बारा वर्षं आपल्याकडे दख्खनमध्ये राहिले. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींसाठी त्यांनी शाळा काढली होती. परत येताना जे आणलं ते सगळं या घरात आहे. माझ्याकडे कापडं आहेत. धूळ काढायची, यादी करायची, पातळ कागदात गुंडाळून ठेवायची.

वीस ऑक्टोबरला प्रदर्शन उघडायचं आहे, मुलींच्या भरतकामाचं. पूर्वी इथे प्रत्येक मुलीला एक कापड भरावं लागे. त्यावर एबीसीडी, आकडे, एखादं घर, दोन झाडं, भोवती नक्षी आणि सगळ्यात खाली नाव, वय, साल. त्याला सॅम्पलर म्हणतात. मुलगी टाके शिकली याचा दाखला. आपल्या शिवणाच्या वहीसारखं, पण भिंतीवर लावायचं.

आमच्या प्रदर्शनातलं मुख्य कापड टॉलमनांच्या मुलीचं. पाटी तयार आहे: ‘एमिली टॉलमन, वय नऊ. आईच्या शाळेत हिंदुस्थानी मुलींबरोबर बसून एमिलीने हे भरलं, १८७९. तिची चिकाटी पाहून त्या मुलींनीही सुई हातात घेतली.’

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्या मुलींनीही सुई हातात घेतली. म्हणजे तोवर त्यांच्या आया लुगडी काट्याने टाचत होत्या!

म्हणून मी फ्रेम उघडायला लावली. मला मागची बाजू बघायची होती. बघितली. सगळं कापड एका हातचं आहे. मागे एक गाठ नाही, दोरा एका अक्षरावरून दुसऱ्यावर ओढलेला नाही, प्रत्येक टोक टाक्यांखाली लपवलेलं आहे. फक्त नावाच्या ओळीत गाठी आहेत. सात गाठी आणि लोंबणारे दोरे.

मग मी ते सुलटं केलं आणि भिंग घेतलं. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका डावीकडे झुकलेला. नावातल्या फुल्यांचा उजवीकडे.

मार्गारेटला दाखवलं. ती इथली मुख्य आहे. भली बाई आहे, सायकलवरून येते, घरचा केक आणते. ती म्हणाली, “इंटरेस्टिंग. पण कल्याणी, मुलं कंटाळतात. शेवटी घाई करतात.”

मी म्हटलं, “घाईत गाठी पडतील. हात बदलत नाही.”

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. डावखुऱ्या बाईने फुली घातली तर वरचा टाका कोणीकडे झुकतो? तू अजून शिवतेस असं कळलं. पत्ता चाळीसगावचा तोच आहे ना? उत्तर लवकर पाठव.

कल्याणी


ब्रिस्टल
शनिवार, १५ सप्टेंबर २००७

ताई,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर समजणार नाही.

काल सुट्टी घेऊन म्युझियमच्या कपाटातली पत्रं वाचली. एमिलीच्या आईने तिच्या इथल्या बहिणीला लिहिलेली. जानेवारी १८७९ च्या एका पत्रातला हा भाग मी उतरवून घेतला आहे, आपल्या भाषेत देते:

‘गंगी नावाच्या मुलीचा डावा हात मी शिवणाच्या तासाला पाठीशी बांधते. पट्टी सोडली की पुन्हा तोच हात पुढे. सुई हिसकावली, उपाशी ठेवलं, सगळं केलं. आणि तरीही कबूल करायला हवं, वर्गात तिच्याइतकं स्वच्छ काम कोणाचं नाही. आमच्या एमिलीला मात्र सुईचा मनस्वी कंटाळा.’

पुढच्या ओळीत लोणच्याच्या बरणीविषयी आहे.

मी तो कागद घेऊन खाली गेले. मार्गारेट चहा करत होती. मी म्हटलं, “हे वाच.” तिने वाचलं. म्हणाली, “ओह, द पुअर लिटल थिंग.” मग म्हणाली, “पण यात सॅम्पलरचा उल्लेख नाही, लव्ह.”

“हात बांधल्याचा आहे.”

“तो काळच तसा होता.”

तो काळच तसा होता! आपल्या वेळी कोणता काळ होता? एकोणीसशे बहात्तर. सुप्रभाबाई तुझ्या डाव्या हाताच्या बोटांवर अंगुस्तान घातलेल्या बोटाने मारायच्या. लोखंडी अंगुस्तान, सुई ढकलायची टोपी. आवाज मागच्या बाकापर्यंत यायचा. दोन वर्ग एकत्र बसवून शिवण शिकवत, म्हणून मी सहावीत असून समोर बसलेली असायचे. मला तो दिवस आठवतो. बाई म्हणाल्या, “डाव्या हाताने देवाला फूल वाहतेस का गं?” आणि तू म्हणालीस, “आमच्याकडे देव नाही, बाई.” सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं तू त्यांची थट्टा केलीस. तू तर खरं ते सांगितलं होतंस. त्यानंतर वर्षभर शिवणाच्या तासाला तू व्हरांड्यात उभी होतीस.

व्हरांड्यातून तू खिडकीतून सगळं शिकलीस. बाई उजव्या हाताने फळ्यासमोर सुई धरून दाखवायच्या, आणि तू ते आरशात बघितल्यासारखं उलटं करून घ्यायचीस. धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजं, फुली. मला वर्गात बसून जमलं नाही. मी उसवायचे आणि पुन्हा घालायचे, मॅटीच्या कापडाला भोकं पडेपर्यंत. बाई म्हणायच्या, “बहिणीची जीभ आणि तुझी बोटं, दोन्ही कापून टाकायला हवीत.”

हे सगळं मी मार्गारेटला सांगितलं. देवाचा भाग सोडून. ती हेलावली. तिने मला विचारलं, तुझ्याकडे तेव्हाचं काही आहे का? मी बोलून गेले की एक फ्रेम आहे, जिल्ह्याच्या हस्तकला प्रदर्शनात पहिला नंबर आलेली. झालं. ती उठलीच. एमिलीच्या शेजारी ती लावायची म्हणाली. शंभर वर्षांनंतरचं, हिंदुस्थानी मुलीने भरलेलं, आणि ती मुलगी आज आमच्याकडे काम करते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आपण तेव्हा जे ठरवलं होतं ते आपल्या दोघींतलं आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. आपण ठरवलं होतं की कापड माझ्या नावाने जावं, कारण तुझं बाई घेणार नव्हत्या. ते त्या वेळी बरोबरच होतं.

फुल्यांचं तेवढं कळव.

कल्याणी


ब्रिस्टल
शनिवार, २९ सप्टेंबर २००७

ताई,

पाकीट बुधवारी मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी दोनदा झटकलं. चार बोटं रुंदीचं मॅटीचं कापड, लाल दोरा, फुल्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत सगळ्या डावीकडे झुकलेल्या. खालच्या ओळीत सगळ्या उजवीकडे, आणि मागे सात गाठी.

सात कशाला? मी सात लिहिल्या होत्या म्हणून? की तुला आपल्या कापडावरच्या मोजून आठवतात?

असो. गुरुवारी ते घेऊन मी म्युझियमच्या मीटिंगला गेले. मार्गारेट होती आणि मिस्टर टॉलमन. एमिली त्यांच्या आजोबांची थोरली बहीण. सत्तरीचे आहेत, नीट कपडे, नीट बोलणं, घर त्यांनीच संस्थेला दिलं आहे. मला ते “मिसेस सरदार” म्हणतात, आडनाव माहेरचं असलं तरी, आणि दर वेळी विचारतात की थंडी मानवली का. मी सोळा वर्षं इथे आहे.

मी तीन गोष्टी मांडल्या. पत्रातली गंगी, तिचा डावा हात. कापडावरच्या दोन हातांच्या फुल्या. आणि तुझा तुकडा. सांगितलं की माझी बहीण डावखुरी आहे, तीस वर्षं शिवणकाम करते, तिने हे करून पाठवलं आहे. मागणी साधी होती. पाटीवरून एमिलीची चिकाटी काढा. लिहा, ‘हे कापड बहुधा गंगी नावाच्या मुलीने भरलं. नाव एमिलीचं आहे.’

ते भिंग घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “एमिली डावखुरी असेल.”

“मग नाव उजव्या हाताने का?”

“आईने हात धरून शिकवलं असेल. मिसेस सरदार, तुमच्या बहिणीचं काम सुंदर आहे. पण आपण एका मेलेल्या लहान मुलीला खोटारडी ठरवतो आहोत. तिचं नाव खाली आहेच की. वाचा ना.”

ताई, माझ्या तोंडात शब्द होते. मला सांगायचं होतं की मेलेल्या लहान मुली दोन आहेत, आणि तुम्ही एकीलाच घाबरता. मला सांगायचं होतं की जिला उपाशी ठेवून सुई धरायला लावली तिचं कापड तुम्ही दिवाणखान्यात लावलंत, पाच पिढ्या जेवलात त्याच्याखाली, आणि एकालाही मागची बाजू बघावीशी वाटली नाही. मला टेबलावर हात आपटायचा होता. मी तुझा तुकडा घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मग त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, टोचून नाही, “असं घडतं तरी का? तुम्ही स्वतः कधी पाहिलं आहे, एका मुलीने भरायचं आणि दुसरीने नाव घालायचं?”

मार्गारेट माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “नाही.”

घरी आले तर चैत्राली हॉलमध्ये खुर्चीवर चढली होती. तू तिला पाच वर्षांची पाहिलंस, आता सोळाची आहे. तिने भिंतीवरची आपली फ्रेम उतरवली होती. मार्गारेटने तिलाही सांगितलं होतं, फोटो काढून ईमेल कर म्हणून. एका हातात फ्रेम, दुसऱ्यात तुझा तुकडा, माझ्या पर्समधून तिने काढलेला. नाही, तुकडा मीच तिला दिला, आल्या आल्या. सगळं खरं लिहायचं तर हेही नीट लिहायला हवं. मीच दिला, कारण कोणाला तरी दाखवायचा होता की टॉलमन चुकला.

ती म्हणाली, “आई, वेट. हे तुझा कापड पण तसाच आहे.”

मी म्हटलं, “तुझं.”

“व्हॉट?”

“तुझं कापड. तुझा नाही.”

“ओके, तुझं. पण बघ ना. पोपट, घर, सगळी फुली इकडे झुकतो. आणि तुझा नाव तिकडे. सेम ॲज एमिली.” मग ती हसली. “सो हू वॉज युअर गंगी?”

मी तिला ओरडले. खुर्चीवर बूट घालून का चढलीस म्हणून. तिने बूट घातले नव्हते.

क.


ब्रिस्टल
गुरुवार, ११ ऑक्टोबर २००७

ताई,

इथे पोस्टाचा संप होता. चार दिवस पेट्या उघडल्या नाहीत, आणि मला बरं वाटलं. आता संपला आहे.

आपण काही ठरवलं नव्हतं.

हे वाक्य मी चार कागदांवर लिहून बघितलं. इतर कागदांवर त्याच्यापुढे ‘पण’ होतं.

तू ते कापड सात महिने भरलंस, घरी, अप्पा ड्यूटीवर असताना. नावाची जागा मोकळी ठेवलीस. तू म्हणाली होतीस, अप्पा हेडबाईंशी बोलतील, मग मी नाव घालीन. अप्पा बोलणारही होते. रेल्वेचा युनिफॉर्म इस्त्री करून ठेवला होता त्यासाठी. कापडं द्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता. रविवारी दुपारी तू नळावर होतीस, पाण्याला मोठी रांग होती. मी पत्र्याची पेटी उघडली, कापड काढलं, आणि दीड तासात माझं नाव घातलं. इयत्ता सहावी. सात गाठी पडल्या. तू आलीस तेव्हा मी कापड दप्तरात ठेवून अभ्यास करत होते. सोमवारी तू पेटीत बघण्याआधी ते बाईंच्या टेबलावर होतं.

बाईंना कळलं नसेल? मला भोकांशिवाय फुली घालता येत नव्हती. त्यांना कळलं होतं. त्यांनी मागची बाजू बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “शेवटी उजवा हातच उपयोगी पडला.”

पहिला नंबर आला. त्याबरोबर पुण्याच्या शाळेत वसतिगृहासह एक जागा. अप्पांनी पेढे वाटले. ते म्हणाले, जिच्या हातात गुण आहे तिला पुढे पाठवायचं. एकच जागा होती. तू पेढा खाल्लास. मी तुझ्याकडे बघत होते, तू आता बोलशील म्हणून. तू बोलली असतीस तर शाळेने कापड परत केलं असतं, अप्पांची मान खाली गेली असती, आणि कोणीच गेलं नसतं. हे तू चौदाव्या वर्षी समजून घेतलंस. मी सेहेचाळिसाव्या वर्षी लिहिते आहे.

मी पुण्याला गेले. तुझं सतराव्या वर्षी लग्न झालं.

आणि अकरा वर्षांपूर्वी अप्पा गेले तेव्हा, त्यांच्या जलदानाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, भन्ते अजून उठले नव्हते, सगळे नातेवाईक बसलेले होते, तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, “कल्याणी, भिंतीवरचं ते कापड मी घेऊन जाऊ का?” तुला घरातली दुसरी एकही वस्तू नको होती. मी म्हटलं, “ते माझं आहे. खाली नाव आहे, वाच.”

मिस्टर टॉलमननी त्या मीटिंगमध्ये माझंच वाक्य म्हटलं. त्यांच्या तोंडी ते ऐकलं तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

मी काय ठरवलं आहे ते सांगते. एकशे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा पुरावा ते मानत नाहीत. मग चौतीस वर्षांपूर्वीचा देते. आपलं कापड एमिलीच्या शेजारी लावायचं, उलटी बाजू दिसेल असं. पाटीवर लिहायचं: ‘लीलावती सरदार, वय चौदा, भुसावळ, १९७३. डाव्या हाताने भरलेलं. नाव धाकट्या बहिणीने चोरून घातलं.’ मी तिथे उभी राहून सांगीन. मला लाज वाटेल, ती वाटू दे. त्यानंतर गंगीचं नाव त्यांना लिहावंच लागेल.

तुझी परवानगी हवी. पत्राला वेळ लागेल म्हणून रविवारी मी फोन करणार आहे. नंबर मिळवला आहे. उचल.

कल्याणी


ब्रिस्टल
गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७

ताई,

तू फोनवर फार थोडं बोललीस. मी ते तेव्हाच कागदावर उतरवलं, म्हणजे पुढे मला ते वेगळं करून सांगता येणार नाही.

पत्र तुला अजून मिळालं नव्हतं, म्हणून मी ते वाचून दाखवलं. सगळं. मागे तुझं मशीन चालू होतं. नळाच्या रांगेपाशी आले तेव्हा मशीन थांबलं. वाचून झाल्यावर तू म्हणालीस, “हं.” मग म्हणालीस, “दुपारी नाही गं, सकाळी. रविवारी पाणी सकाळी यायचं.”

मी पाटीचं विचारलं. तू म्हणालीस, “म्हणजे परत तूच नंबर काढणार.”

मी म्हटलं, तसं नाही, तुझं नाव लागेल, शेकडो लोक वाचतील.

“मला काय करायचीत तुझी शेकडो माणसं? मी कधी म्हटलं होतं, नाव लाव म्हणून? मी कापड मागितलं होतं. तुला ते एकदा शाळेसाठी लागलं, आता भांडणासाठी लागतंय. माझं मला दे.”

मी विचारलं, “आणि गंगी?”

“ती माझी कोण लागते? तिच्यासाठी तू तुझं काहीतरी दे.”

मग तुझं गिऱ्हाईक आलं. मला ऐकू आलं, कोणी तरी म्हणालं, मावशी, बाही थोडी आखूड करा. तू फोन ठेवला नाहीस, नुसता बाजूला ठेवलास. मी सहा मिनिटं तुझं मशीन ऐकलं.

मी तुझ्यावर चिडले होते. दोन दिवस चिडले होते. मला वाटलं, मी एवढी मान खाली घातली आणि हिला तीही पुरी पडली नाही. मला वाटलं, इथे एक मुलगी पुसली जाते आहे आणि ही आपल्या चार वीत कापडाचं बघते. हे सगळं मी चैत्रालीला बोलून दाखवलं. ती नाश्ता करत होती. ती म्हणाली, “पण आई, इट्स हर्स.” आणि टोस्ट खात राहिली.

आज म्युझियममध्ये गेले. मार्गारेटला सांगितलं की फ्रेम देणार नाही.

“ओह, कल्याणी. कॅटलॉगमध्ये छापलं आहे, लव्ह.”

“ते माझं काम नाही. माझ्या बहिणीचं आहे. मी तिच्या नकळत त्यावर माझं नाव घातलं. मीटिंगमध्ये मला विचारलं होतं, असं कधी पाहिलं का. मी खोटं बोलले. मी पाहिलं आहे. केलं आहे.”

ती खाली बसली. मग म्हणाली, “तू मिस्टर टॉलमनना ते कापड दाखवलंस तर ते मानतील.”

“माहीत आहे.”

“मग?”

“ते दाखवायचा हक्क मला नाही.”

तिला ते पटलं की नाही ते कळलं नाही. तिने केकचा डबा पुढे केला. मी घेतला नाही.

मी तिच्या टेबलावर बसून एक निवेदन लिहिलं, दोन पानी. गंगीविषयीचं पत्र, फुल्यांची दिशा, गाठी, आणि शेवटी: असं एका मुलीने दुसरीच्या कामावर नाव घातल्याचं मला प्रत्यक्ष माहीत आहे, कारण १९७३ साली ते मी केलं. तुझं नाव, शाळेचं नाव, काही लिहिलं नाही. माझं पूर्ण लिहिलं. मार्गारेटने त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि एमिलीच्या कापडाच्या फाईलमध्ये लावलं. जोवर कापड आहे तोवर फाईल राहील. एवढं माझ्याजवळ द्यायला होतं, ते दिलं.

मिस्टर टॉलमन जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, थंडी मानवते का. मी म्हटलं, “तुमच्या आजोबांच्या बहिणीला सुईचा मनस्वी कंटाळा होता. तिच्या आईने लिहून ठेवलं आहे. कपाटात तिसऱ्या खणात आहे, वाचा.” ते म्हणाले, वाचीन. वाचणार नाहीत.

घरी येऊन तुझं कापड फ्रेममधून काढलं. माझं नाव उसवावं असं मनात आलं, कात्री घेतली, मग ठेवून दिली. ते कापड तुझं आहे. त्यावरचं काय ठेवायचं आणि काय उसवायचं ते तू ठरव. उसवलंस तर भोकं राहतील. मी दोरा फार ओढला होता.

आपल्याकडे पार्सल शिवून पाठवतात तसं शिवायचं ठरवलं. अप्पा मला पुण्याला खाऊ पाठवायचे तसं. मांजरपाट इथे कॅलिको म्हणून मिळतो. पुठ्ठ्यात कापड घातलं, वरून मांजरपाट, आणि धावदोरा घालायला बसले. चैत्राली शेजारी बसून बघत होती.

“आई, तुझा लाईन सरळ नाहीये.”

“माहीत आहे.”

“मी करू?”

“नको. हे मी करते.”

दोनदा टोचलं. एका कोपऱ्यात सुरकुती आली आहे, ती तशीच ठेवली. हे पत्र बाहेर राहिलं, पार्सल शिवून झाल्यावर लिहायला घेतलं म्हणून. ते वेगळं टाकते.

कल्याणी


शुक्रवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

पाकीट चिकटवायचं होतं, म्हणून एवढं लिहिते.

ईस्टनच्या पोस्टात नऊ वाजता गेले. काउंटरवरच्या मुलीने शिवलेलं पार्सल कधी पाहिलं नव्हतं. तिने ते सगळीकडून फिरवून बघितलं आणि विचारलं, हे तुम्ही शिवलंत का. मी हो म्हटलं.

कस्टमच्या फॉर्मवर ‘भेट’ असा चौकोन असतो, ती त्यावर खूण करायला निघाली होती. मी तिला थांबवलं. ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं, मालकिणीला परत. सहाशे चाळीस ग्रॅम भरलं. आठ दिवसांत पोचेल म्हणाली.

म्युझियमवरून आले. प्रदर्शनाची शेवटची तयारी चालली होती. एमिलीची पाटी तशीच आहे. तिच्या शेजारी जिथे फ्रेम लागणार होती तिथे भिंतीत दोन खिळे मारून ठेवले होते. ते मी काढले.